मेजरची घाई

महाडच्या बाजारपेठेत गुरांच्या डॉक्टरला नावाने कुणी विचारत नाही. मेजर कुठे बसतो, असं विचारायचं. मग कुणीही पानवाला हात करून दाखवतो : ती भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ दिसते ना, तोच दवाखाना. आणि सांगणारा आवाज खाली करून वर पुस्ती जोडतो, "जनावर जगण्यातलं असेल तर न्या हां. नसेल तर मेजर सुई मारून मोकळा होतो. थांबायचं नाव नाही."

डॉक्टर हरी दिघ्यांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी कधी खोडून काढलं नाही. पाय मोडलेली म्हैस बघितली की ते मालकाशी दोन वाक्यं बोलत आणि बॅग उघडत. मालक म्हणे, उद्या बघू, मुलगा मुंबईहून येतोय. मेजर म्हणत, "तुझा मुलगा येईस्तोवर तिने काय भजन करायचं?" लोक शिव्या घालत आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांनाच बोलवत. कारण मेजर कुठल्याही वाडीवर, कुठल्याही पावसात चढून जाई.

सव्वीस जानेवारीला त्यांना शाळेत झेंडा फडकवायला बोलवायचे. त्यांची बायको विनोदिनी त्याच शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. सूत्रसंचालक दरवर्षी विचारी, "सर, युद्धातली एखादी थरारक आठवण?" मेजर म्हणत, "मी खेचरांचा डॉक्टर होतो." पोरं फिदीफिदी हसायची. लढाई म्हटली की लोकांना तोफ हवी असते. तोफेचा गोळा डोंगरावर कुणाच्या पाठीवरून जातो, त्या पाठीला जखम झाली तर ती कोण धुतं, हे कुणाला ऐकायचं नसतं. मेजर दोन मिनिटांत भाषण उरकून खाली उतरत.

तसे ते सैन्यात रागाच्या भरात गेले होते. वडील महाडच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. माणसांच्या डॉक्टरीला थोडक्यात जागा हुकली, म्हणून हरी परळच्या गुरांच्या कॉलेजात गेला. वडील चारचौघांत सांगत, मुलगा डॉक्टरीला आहे. कसल्या डॉक्टरीला, ते सांगत नसत. हे हरीच्या मनाला इतकं लागलं, की पदवी हातात पडताच त्याने लष्कराच्या पशुवैद्यक दलाचा अर्ज भरला. बैलांचा तर बैलांचा डॉक्टर, पण खांद्यावर तारे तरी असतील. तारे मिळाले. आणि कॅप्टन झाल्यावर कारगिलची लढाई मिळाली.

द्रासच्या वरच्या अंगाला, जिथे झाड नाही की झुडूप नाही, तिथे खेचरांची रांग चढत होती. वळणावर एक खेचर अडलं होतं. त्याचा लगाम धरलेला जवान त्याला समजावत होता, "चल गो बाय, चल. वर गेलीस की गूळ देतंव."

तो 'गो' ऐकून कॅप्टन दिघे जागच्या जागी थांबले. "कुठला रे तू?"

"पोलादपूर, साब."

"पोलादपूर काय लहान आहे? गाव सांग."

"उमरठच्या वर, धारेची वाडी. आनि सायेब, तुमी?"

"महाड."

"मंग पेठेतले म्हना ना!" जवानाने खेचराच्या मानेवर थाप मारली. "बघ गो रंगी, बाजारपेठवाला आला. आता तुजी चंगळ."

हा गोमाजी. खेचरांच्या पलटणीतला नायक. प्रत्येक खेचराच्या खुरावर नंबर असतो आणि कागदोपत्री तेच त्याचं नाव. गोमाजीने मात्र आपल्या खेचरीला रंगी म्हणायला सुरुवात केली होती. स्वतःच्या वाट्याच्या शंकरपाळ्या तो तिला चारायचा. मेजर, तेव्हाचे कॅप्टन, त्याला झापायचे, "तिच्या पोटात दुखलं तर तूच रडत येशील." गोमाजी म्हणायचा, "तुमी हाव ना. मंग कशाला रडू?"

एका संध्याकाळी रांग एका खडकाच्या आडोशाला अंधार पडायची वाट बघत थांबली होती. उजेडात पुढची चढण चढणं शक्य नव्हतं. वरच्या कड्यावर शत्रूची चौकी होती. रंगीच्या पायाखालची दगडगोटी सरकली. ती उताराला घसरली, पुढच्या पायाचं हाड कातड्यातून बाहेर आलं, आणि ती ओरडायला लागली. खेचराचं ओरडणं ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. दरीच्या दोन्ही भिंती ते उचलून एकमेकींकडे फेकत होत्या. आडोशाला माणसं होती, दारूगोळा होता. तुकडीच्या सुभेदाराने कॅप्टनकडे नुसतं बघितलं.

गोळी झाडायची सोय नव्हती. कॅप्टनने बॅगेतून सुई काढली.

गोमाजीने रंगीचं तोंड छातीशी धरलं होतं, आवाज दाबायला. "सायेब, थांबा. जरा थांबा. गप व्हतेय बघा. काळोख पडू दे, मी खाली नेतंव तिला."

"तीन पायांवर?"

"उचलून नेतंव. एक घटका थांबा, पाया पडतंव."

कॅप्टन थांबले नाहीत. सुई घातली. रंगीचं तोंड गोमाजीच्या मांडीवर जड झालं. अंधार पडल्यावर तिचं ओझं इतरांवर वाटलं आणि तिला नाल्यात ढकलून दिलं. तिथे खड्डा कोण खणणार?

त्या संध्याकाळी कड्यावरून एकही गोळा आला नाही. रंगीला वेळेत गप केली म्हणून आला नाही, की वर कुणी ऐकतच नव्हतं म्हणून आला नाही, हे सांगणारा कुणी नाही. गोमाजीने दुसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, "एक घटका थांबला असतात तर काय झाला असता, सायेब?"  नियम कॅप्टनच्या बाजूने होता. पण नियम काही मांडीवर डोकं घेऊन बसत नाही.

पुढे दोघेही घरी आले. एक मेजर होऊन पेठेत बसला, दुसरा हवालदार होऊन डोंगरात नाचणी-वरी करायला लागला. गोमाजी महाडला उतरला की दवाखान्याच्या बाकावर येऊन बसायचा. करवंदं आणायचा, कधी नाचणीचं पीठ, कधी नुसत्याच गप्पा. विनोदिनीबाई त्याला जेवल्याशिवाय सोडत नसत. तो रंगीचं नाव काढत नसे. पण समोर एखादं जनावर आडवं असलं आणि मेजरने ती विशिष्ट बाटली हातात घेतली, की गोमाजी उठायचा, टोपी झटकायचा आणि रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. परत आल्यावर म्हणायचा, "सायबाला घाय लय." हसत म्हणायचा. मेजरही हसत. एवढी वर्षं दोघेही हसले.

धारेच्या वाडीत एक पाडा, म्हणजे गोऱ्हा, गावदेवी काळकाईला सोडलेला असतो. त्याच्या मानेला दावं लागत नाही. तो कुणाच्याही शेतात तोंड घालो, त्याला काठी दाखवायची नाही. शिमग्यात पालखी त्याच्या दारी येते आणि देवीच्या ताटातला पहिला घास त्याला हाताने भरवतात. त्याने घास गिळला की पालखी उठते. न गिळला तर पालखी उठत नाही, मग ढोलवाले बडवून बडवून थकले तरी. ह्या पाड्याचा आता चांगला दांडगा बैल झाला होता, नाव सरदार, आणि त्याला सांभाळायचं काम गोमाजीने मागून घेतलं होतं. रंगीच्या जागी, असं तो कधी बोलला नाही. बोलायची गरज नव्हती.

यंदाच्या शिमग्यात, पालखीच्या आदल्या दिवशी गोमाजीच्या बायकोचा, तुळसाचा फोन आला. "सरदार खाईत नाय. नरड्यात कायतरी अडाकलाय. तुमी येवा."

मेजर वाडीवर पोचले तेव्हा अंगणात जत्रा होती. मुंबईहून आलेली सगळी मंडळी जमलेली. मधोमध सरदार मान ताणून उभा. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. दर थोड्या वेळाने तो घोगरा, फाटका हंबरडा फोडायचा आणि लोक हात जोडायचे. देवी आली म्हणे त्याच्यात. म्हातारी सोनाबाई पुढे झाली, लाळ बोटावर घेतली आणि कपाळाला लावली.

"ए म्हातारे!" मेजर ओरडले. "हात धू! साबणाने धू! कुणी जवळ जायचं नाही. सगळे मागे व्हा, मागे!"

गोमाजीचा मुलगा साहिल मोबाइलवर चित्रण करत होता. मुंबईत तो कुरियरच्या गाडीवर होता. "काका, चिल ना. देवाचा बैल हाय. लाइव चाललंय."

"तुझं लाइव बंद कर, नाहीतर फोन त्या विहिरीत जाईल."

मेजरनी सरदारभोवती लांबूनच एक फेरी मारली. मागचा पाय किंचित ओढत होता. डोळे भलतेच. त्यांनी गोमाजीला गोठ्यामागे नेलं. "मला हे पिसाळण्याचं वाटतंय. ह्याला काही चावलं होतं का? कुत्रं? कोल्हा?"

गोमाजीने सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "नाय, सायेब."

"नीट आठव."

"नाय म्हनतंव ना. हाड अडाकलाय. परवा उकिरड्यावर होता."

मेजरनी बॅगेकडे हात नेला. तोच गोमाजीने तो हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "सायेब, थांबा. उद्याचा दिवस थांबा. पालखी दारात येवं दे. मंग काय ते करा."

अंगणात सरदार हंबरला. मेजरच्या कानात दुसराच आवाज गेला. हातावरची गोमाजीची पाची बोटं त्यांना कळत होती. विज्ञान सांगत होतं एक, आणि समोर उभा होता तो माणूस, ज्याला त्यांनी एकदा एक घटका दिली नव्हती. शंका होती, खात्री नव्हती. हाडही असू शकतं. शंभरातून एकदा असतं.

मेजरनी बॅग बंद केली.

"गोठ्यात घाल. दाराला वासा लाव. उद्या दुपारी पालखीच्या आधी मी येतो. तोवर तू सुद्धा हात लावायचा नाहीस. शपथ घे."

"काळकाईची," गोमाजी म्हणाला.

घरी गेल्यावर विनोदिनीबाईंनी विचारलं, "झालं का काम?" मेजर म्हणाले, "उद्या." बाईंनी चमकून बघितलं. हा शब्द ह्या घरात नवीन होता.

पालखी दुपारी यायची होती. ती सकाळीच आली, कारण मुंबईवाल्यांच्या गाड्या लवकर सुटणार होत्या. देवी दारात, ढोल चालू, ताटात पुरणपोळी, आणि सरदार घास गिळेना. गोमाजीने भरवला, तो तसाच बाहेर पडला. पुन्हा भरवला, पुन्हा बाहेर. पालखी खांद्यावर ताटकळली. कुणीतरी म्हणालं, हाड काढ की रे हवालदारा, मिलिटरीत काय शिकलास? सगळी वाडी बघत होती. गोमाजीने बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात सरदारच्या घशात घातला.

हाड नव्हतं. काहीच नव्हतं. दाढांनी मनगटापासून कोपरापर्यंत हात सोलून निघाला. पण हात बाहेर येताना घास कसाबसा आत गेला, किंवा गेल्यासारखा वाटला, आणि पालखी उठली. लोकांनी गुलाल उधळला.

मेजर पोचले तेव्हा गोमाजी ओटीवर बसला होता, हाताला पांढरं शुभ्र बँडेज. साहिलने त्याला गाडीवर घालून खाली बाजारातल्या खाजगी दवाखान्यात नेलं होतं. तिथल्याने जखम नीट शिवून दिली. नीट! पिसाळलेल्या जनावराचा चावा शिवायचा नसतो, धुवायचा असतो, उघडा ठेवायचा असतो, हे ज्याला माहीत नाही त्याने दवाखान्याचं शटर उघडूच नये.

"ऊठ," मेजर म्हणाले. "आत्ताच्या आत्ता इंजेक्शन. टाके सोडवायचे."

"सायेब, दारात पालखी येवून गेलेय. आता मी सुया घेतल्या तर वाडी काय म्हनल? देवाच्या पाड्याला पिसाळलेला म्हनायचा? त्याच्या तोंडचा घास खोटा?"

"गोमाजी, हा हुकूम आहे!"

गोमाजी हसला. "पेन्शनीत हुकूम चालत नाय, सायेब. सरदार गेला तर येतंव. तुमचा शब्द खरा ठरू दे."

मेजरनी त्याला आईमाईवरून शिव्या घातल्या. तुळसासमोर घातल्या. गोमाजी हलला नाही. सरदारजवळ आता सुई घेऊन जाण्यात अर्थही उरला नव्हता, नुकसान होऊन गेलं होतं. आणि मेजरनी त्याला मारला असता तर वाडी म्हणाली असती, मेजरने मारला, नाहीतर जगला असता. मग इंजेक्शनसाठी एकानेही दंड पुढे केला नसता. त्यांनी गोठ्याला बाहेरून वासे ठोकून घेतले आणि दाराशी बसून राहिले. सरदार आपणहून मरायला हवा होता, आणि लवकर मरायला हवा होता. मेजर आयुष्यात पहिल्यांदा एका जनावराच्या तडफडीकडे नुसते बघत बसले.

सरदार मेला, पण त्याला होळीनंतरचा आठवडा संपत आला. मेल्यावर वाडी हादरली. सोनाबाईपासून ज्यांनी ज्यांनी लाळ लावली होती ते सगळे मेजरच्या जीपमधून पोलादपूरला जाऊन इंजेक्शनं घेऊन आले. ते सगळे आज धडधाकट आहेत. वेळेत घेतलं की माणूस वाचतो, हे इतकं सोपं आहे. गोमाजीही शब्दाला जागला, आला. पण त्याच्या जखमा खोल होत्या. नुसत्या लसीने भागणार नव्हतं, जखमेत भरायचं सीरम हवं होतं. सरकारी दवाखान्यात सीरम नव्हतं. पुढच्या दवाखान्यात जा. तिथे गेले, तर कालच संपलं. अजून पुढच्याला जा. कुत्री गावोगाव, कोल्हे रानोरान आणि औषध जिल्ह्याच्या टोकाला! टेबलामागचा माणूस मान वर न करता सांगत होता आणि मेजरनी त्याच्या टेबलावर असा हात आपटला की शिक्के खाली पडले. शिक्के उचलायला माणूस लगेच मिळाला. सीरम मिळालं ते पुण्यात, मेजरच्या जुन्या ओळखीवर. ओळख नसती तर तेही नसतं. उशीर व्हायचा तो होऊन गेला होता.

पुण्याहून परतताना घाटात गोमाजी गाडीच्या खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सरदाराला खड्डा बाकी बेस खनला. रंगीला नाय मिळाला."

मेजरनी गाडी चालवली.

आंबे उतरायच्या दिवसांत तुळसाचा पुन्हा फोन आला. "हात मुंग्यांनी भरल्यावानी व्हतोय म्हनतात, झोप नाय, आनि सायेब, हे च्या पीत नाईत."

मेजर वाडीवर गेले. गोमाजी ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. तुळसाने चहाचा कप पुढे केला. कप तोंडाजवळ आला आणि गोमाजीचा गळा आवळल्यासारखा झाला, सगळं अंग झटकलं, चहा सांडला.  मेजर तोंड बाजूला करायला विसरले.

गोमाजी त्यांच्याकडे बघत होता. "सायेब," तो म्हणाला, "रंगीच्या येळंला तुमचा तोंड असाच झाला व्हता."

"आपण पुण्याला जाऊ. मोठा दवाखाना..."

"मी बघितलाय सरदाराला. तुमीबी बघितलाय. मरंपातूर बघितलाय." त्याला बोलायला त्रास होत होता. त्याने चांगल्या हाताने मेजरचं मनगट धरलं. "ह्या टायमाला घाय करा. तुमच्याकडं हाय ना ती बाटली. थांबू नका."

"नाही रे गोमाजी. ते नाही."

"रंगीला केलात."

"तू रंगी नाहीस."

"मी काय कमी वझा वाहिला तिच्यापरीस?" आणि तो हसायला गेला, ते हसू घशात अडकलं.

मेजरनी बॅग उघडली नाही. जीपमध्ये मागे गादी टाकली, गोमाजीचं डोकं मांडीवर घेतलं, साहिलने गाडी चालवली. मोठ्या दवाखान्यात गुंगीची औषधं दिली, खोलीत काळोख केला. जेवढं दुःख कमी करता आलं तेवढं केलं, जे वाढायचं ते वाढलं. मेजर शेवटपर्यंत खुर्चीवर बसून होते. गुंगीतून जाग आली की गोमाजी ओरडायचा, आणि मेजर म्हणायचे, थांब, थांब, आहे मी. 

दिवसकार्य झाल्यावर मेजर वाडीवर गेले. साहिल मुंबईला परतला होता. तुळसा अंगणात वरी पाखडत होती. गोठा रिकामा होता, वासे अजून दारातच पडले होते. तिने त्यांना पाणी दिलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

"माघात कोल्हा आला व्हता," ती म्हणाली. "दिवसाढवळ्या. सरदाराच्या नाकाला लटाकला व्हता. ह्यांनी मला गप बसवली. म्हनले, सायबाला कळला तर रंगीवानी करील."

मेजरच्या हातातला तांब्या तसाच राहिला.  मला खोटं सांगितलं, असं ते म्हणू शकले असते. तोंडाशी आलंही होतं.

"पन तुमाला बघून कळला व्हता ना?" तुळसाचं सूप थांबलं. "बॅगेला हात घातलावतात. मी चुलीपासून बघत व्हते. मंग थांबलात कशाला?"

"गोमाजी थांबा म्हणाला, वहिनी."

तुळसाने सुपातला एक खडा उचलला आणि अंगणात फेकला.

"तवाबी म्हनलावता," ती म्हणाली. "तवा नाय ऐकलात."